दर्शनमंडपाच्या दाराशी

शास्त्रपाठ : गणना २७ : १–७, गणना ३६ : १–१२, यहोशवा १७ : ३–४



मनश्शेच्या वंशातील सलाफहाद नावाचा मनुष्य रानात मरण पावला. त्यास पुत्र नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा अशा पाच कन्या मात्र होत्या. देश वाटून देण्याची वेळ जवळ आली तेव्हा या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी आल्या, मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यापुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांनी आपल्या बापाचे वतन मागितले. वतन म्हणजे काय, हे आपणां खेड्यातील लोकांस कोणी समजावून सांगावयास नको. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याच्या शब्दास चावडीवर किती मोल असते हे आपण जाणतो.

आता मोशेने काय केले ते पाहा. त्या मुलींस त्याने दटावले नाही, घरी जा असे म्हटले नाही, आणि वाडवडिलांची रीत अशी नाही असेही सांगितले नाही. तो इस्राएलाचा पुढारी होता. नियमशास्त्र त्याच्याच हातून आले होते. तरी त्याने हा वाद स्वतः तोडला नाही, तर परमेश्वरापुढे नेला. आणि त्या मुलींचे म्हणणे रास्त आहे, असा निर्णय परमेश्वराने दिला.

या कथेतील एक गोष्ट आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाची आहे. सेवेस पाचारण करणारा देव आहे. मंडळी ते पाचारण उत्पन्न करीत नाही. तिने ते देवापुढे नेऊन ओळखावयाचे असते. मंडळीने ओळखण्यास विलंब लाविला, तरी ज्यास पाचारण झाले आहे त्याची सेवा थांबत नाही. हे स्पष्ट व्हावे म्हणून मेथडिस्ट मंडळीतील आद्य स्त्रीपाळकांपैकी एक, रेव्हरंड ॲना हॉवर्ड शॉ, यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

शॉबाईंचा जन्म इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी १४ फेब्रुवारी १८४७ रोजी झाला. त्या चार वर्षांच्या असताना कुटुंब अमेरिकेस गेले. १८५९ मध्ये वडिलांनी मिशिगन प्रांतातील दाट अरण्यात जमीन धरली, आणि स्वतः शहरातच राहून पत्नीस व मुलांस तेथे पाठविले. ती मंडळी पोहोचली तेव्हा पाहतात तो ओंडक्यांच्या चार भिंती उभ्या. आत जमीन केलेली नाही, दाराला फळी नाही, खिडकीला तावदान नाही. आगगाडी शंभर मैल दूर. ते पाहून आई खचून खाली बसली. बारा वर्षांच्या ॲनाने भावांबरोबर विहीर खणली, लाकडे तोडली, जमीन घातली. काम संपले म्हणजे ती रानात जाई, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभी राही, आणि उभ्या झाडांस उपदेश करी. ऐकणारे कोणी नव्हते, पण पाचारण त्या रानातच झाले.

पंधराव्या वर्षी ती शाळा शिकवू लागली. पगार आठवड्यास दोन डॉलर व जेवण. पुढे तिच्या गुणांची कीर्ती मेथडिस्ट मंडळीच्या जिल्ह्याच्या वडिलांच्या कानी गेली, आणि १८७० मध्ये त्यांनी तिला अ‍ॅश्टन नावाच्या खेड्यात उपदेश करण्यास सांगितले. मोशेने रानात सर्प उंच केला त्याप्रमाणे मनुष्याचा पुत्र उंच केला जाणे अवश्य आहे, या योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील वचनावर ती बोलली. उभी राहिली तेव्हा तिचे अंग इतके थरथरत होते की, व्यासपीठावरच्या दिव्यांतील तेलही हलू लागले! ज्या कोणा नव्या उपदेशकाचे पाय पहिल्या दिवशी लटपटले असतील, त्याने हे ध्यानात ठेवावे.

घरच्यांस याचा आनंद झाला असेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. आपल्या कुळातील मुलीने लोकांपुढे उभे राहून बोलावे, ही त्यांस लाज वाटली. तिच्या खऱ्या हितचिंतकांस तिचा हा मार्ग पसंत नाही, अशी सूचना गावच्या वर्तमानपत्रात छापून आली. पुढे घरच्यांनी तिच्यापुढे एक गोष्ट ठेविली : उपदेश करणे सोडून दे, म्हणजे तुझ्या उच्च शिक्षणाचा सर्व खर्च आम्ही देऊ. शिक्षणाची तर तिला तहान होती. तिने रात्रभर विचार केला आणि ती देणगी नाकारली. बाप्तिस्मा घेतल्यामुळे ज्यांस घरचे दार बंद झाले, असे पुष्कळजण आमच्या वाचकांत आहेत. आपल्याच माणसांनी पाठ फिरविली म्हणजे काय होते, हे त्यांस ठाऊक आहे.

पुढे त्यांस स्थानिक उपदेशकाचा परवाना मिळाला. दोन वर्षे अ‍ॅल्बियन कॉलेजात काढून १८७६ मध्ये त्या बोस्टन विद्यापीठाच्या ईश्वरविद्येच्या शाळेत दाखल झाल्या. वर्गात चाळीसहून अधिक तरुण आणि त्या एकट्या स्त्री. तरुणांस राहण्यास खोली फुकट होती व थोडक्या पैशांत एकत्र जेवण मिळे. शॉबाईंस वसतिगृहात जागा नव्हती. खोलीच्या भाड्याबद्दल आठवड्यास दोन डॉलर देऊन शाळा मोकळी झाली. माळ्यावरच्या थंड खोलीत दूध व सुकी बिस्किटे यांवर त्यांनी दिवस काढले. एके दिवशी उपासमारीने त्यांस जिना चढवेना, आणि त्या मध्येच खाली बसल्या.

त्या जिन्यावरच देवाने मदत पाठविली. मेथडिस्ट स्त्रियांच्या परदेशी मिशन संस्थेच्या एक अधिकारी बाई तेथून जात होत्या. त्यांनी विचारपूस केली, आणि एका सखीच्या गुप्त देणगीतून आठवड्यास साडेतीन डॉलर मिळतील अशी व्यवस्था केली. ही संस्था आपणांस परकी नाही. ती १८६९ मध्ये बोस्टन शहरी स्थापन झाली, आणि तिने प्रथम पाठविलेल्या दोन सेविका, इझाबेला थोबर्न व डॉक्टर क्लारा स्वेन, १८७० च्या आरंभी हिंदुस्थानात आल्या. एकीने लखनौस मुलींची शाळा काढली, दुसरीने बरेलीस स्त्रियांकरिता दवाखाना चालविला. दर आठवड्यास दोन सेंट बाजूला ठेवणाऱ्या साध्या गृहिणींच्या पैशांवर ती संस्था उभी होती. ज्या हातांनी उत्तर हिंदुस्थानातील मुलींच्या हाती पाटी दिली, त्याच हातांनी भुकेल्या ॲनास भाकर दिली. रविवारी थाळीत मूठभर धान्य टाकणाऱ्या भगिनींनो, तुमची मूठ कोठवर पोहोचते हे तुम्हांस या जन्मी कळणारही नाही. पण ती पोहोचते.

१८७८ मध्ये विद्यालय सोडून शॉबाई केप कॉड या समुद्रकाठच्या मुलखात ईस्ट डेनिस गावी पाळक झाल्या. वस्ती खलाशी व गलबतांचे कप्तान यांची; मंडळीत तट पडलेले. तेथे त्यांनी सात वर्षे सेवा केली. शेजारच्या दुसऱ्या एका मंडळीचीही काळजी त्यांच्यावरच होती. त्या उपदेश करीत, आजाऱ्यांस भेटत, मेलेल्यांस मूठमाती देत. परंतु दीक्षा झालेली नसल्यामुळे बाप्तिस्मा द्यावयाचा किंवा प्रभुभोजनाचा विधी करावयाचा म्हणजे दुसऱ्या पाळकास बोलवावे लागे. मेंढरे त्यांनी चारावी आणि पाणी पाजावयास दुसऱ्याने यावे, अशी ही स्थिती होती.

म्हणून १८८० मध्ये त्यांनी व ॲना ऑलिव्हर या दुसऱ्या एका बाईंनी न्यू इंग्लंड कॉन्फरन्सपुढे दीक्षेकरिता अर्ज केला. परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. मंडळीच्या नियमांत स्त्रीस दीक्षा देण्याची सोय नाही, असे सांगून बिशपांनी नकार दिला. प्रकरण त्याच वर्षी मे महिन्यात सिनसिनाटी येथील जनरल कॉन्फरन्सपुढे गेले. त्या सभेने दार तर उघडले नाहीच, उलट स्त्रियांस उपदेशकाचे जे परवाने मिळाले होते तेही काढून घ्यावे असे ठरविले.

प्रिय वाचकहो, येथे क्षणभर थांबून मोशेकडे पाहू या. त्याच्यापुढेही असाच प्रश्न होता. नियमांत सोय नव्हती, पूर्वीचा दाखला नव्हता. नियमात नाही हे त्याने उत्तर मानले नाही. नियमात नाही म्हणूनच तो परमेश्वराकडे गेला. सिनसिनाटीस जमलेले पुढारी दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळजण भक्तिमान होते. पण भक्तिमान माणसेही रूढीस देवाची इच्छा समजून बसतात, ही भीती प्रत्येक मंडळीने बाळगावी.

कोणी म्हणेल, स्त्रियांनी मंडळीत गप्प असावे असे पौलाने लिहिले आहे, त्याचे काय? ज्या पत्रात ते आहे, त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक कसे ठेवावे हे त्याने सांगितले आहे. बोलूच नये असे असते, तर बोलताना मस्तक कसे असावे हे सांगण्याचे प्रयोजन काय? किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिला त्याने रोमकरांकडे शिफारस करून पाठविले. प्रिस्किल्ला व तिचा पती अक्विला यांनी अपुल्लो या विद्वानास देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. आणि पौलाच्या पूर्वी, पुनरुत्थानाच्या पहाटे, पहिली वार्ता प्रभूने कोणाच्या हाती दिली? शिष्यांस जाऊन सांग, असे मग्दालीया मरीयेस सांगितले तेव्हा त्याने तिला कोणाचा परवाना विचारला नाही.

आता पुढे ऐका. मेथडिस्टांची एक धाकटी शाखा होती, मेथडिस्ट प्रॉटेस्टंट मंडळी. शॉबाईंनी तिच्या न्यूयॉर्क कॉन्फरन्सकडे अर्ज केला. टॅरिटाउन गावी मोठा वादविवाद झाला. पतीने उपदेश करू नको म्हटले तर तुम्ही काय कराल, असे एकाने विचारले. त्या अविवाहित होत्या. आपणांस पतीच नाही, हे त्यांनी प्रथम नम्रपणे लक्षात आणून दिले. अखेर १२ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांस दीक्षा देण्यात आली. त्या ईस्ट डेनिसला परतल्या, आणि आपल्या मेंढरांस त्यांनी स्वतःच्या हाताने प्रभूची भाकर मोडून दिली.

एवढ्याने संकट सरले नाही. १८८४ मध्ये त्याच शाखेच्या जनरल कॉन्फरन्सने ही दीक्षा नियमबाह्य ठरविली. न्यूयॉर्कच्या बंधूंनी मात्र त्यांस आपल्यातील पाळक मानणे सोडले नाही. सलाफहादाच्या कन्यांचेही असेच झाले. सत्ताविसाव्या अध्यायात वतन मिळाले, छत्तिसाव्या अध्यायात कुळाचे पुढारी शंका घेऊन आले आणि त्या वतनास अट लागली. पण यहोशवाच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय वाचा. मोशे मरून गेला आहे, यार्देन ओलांडली आहे, आणि त्या पाच बहिणी पुन्हा उभ्या राहून देवाने दिलेल्या आज्ञेची आठवण करून देत आहेत. तेव्हा जमीन हाती आली. देवाचा शब्द व त्याची पूर्ती यांमध्ये पुष्कळदा अशी लांब वाट असते, आणि त्या वाटेवर पुनःपुन्हा आठवण करून देणारी माणसे लागतात.

शॉबाईंनी ती वाट रडत बसून काढली नाही. पाळकपण करीत असतानाच त्यांनी वैद्यकाचा अभ्यास चालविला आणि १८८६ मध्ये बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी घेतली. १८८५ मध्ये मंडळीचा निरोप घेऊन त्या दारूबंदीच्या कामास व पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यास लागल्या. १९०४ पासून १९१५ पर्यंत त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघाच्या अध्यक्षा होत्या. २ जुलै १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. स्त्रियांस मत देणारी घटनादुरुस्ती पुढल्याच वर्षी, १९२० मध्ये, मंजूर झाली. मेथडिस्ट मंडळीचे दार त्याहून जड निघाले. स्त्रीपाळकांस पुरुषांबरोबरीचे पूर्ण अधिकार ४ मे १९५६ रोजी मिळाले, म्हणजे सिनसिनाटीच्या नकारानंतर शहात्तर वर्षांनी. १९८० मध्ये मार्जोरी मॅथ्यूज या त्या मंडळीच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. आज आपल्या देशातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही दीक्षित भगिनी वेदीपाशी उभ्या राहतात.

परंतु चरित्र सांगताना सत्य झाकणे ख्रिस्ती लेखकास शोभत नाही. मताधिकाराच्या लढ्यात शॉबाईंकडून एक मोठी चूक घडली. अमेरिकेच्या मूळ रहिवासी पुरुषांस मत आणि गोऱ्या सुशिक्षित स्त्रियांस नाही, हा आमचा अपमान आहे, अशा आशयाची भाषणे त्यांनी केली. त्यांच्या संघाने दक्षिणेकडील गोऱ्यांची मर्जी राखण्याकरिता कृष्णवर्णी भगिनींस वेळोवेळी मागे उभे केले. जिला स्वतःला दाराबाहेर ठेविले होते, तिला दाराबाहेरचा दुसरा माणूस दिसला नाही! बंधूंनो, हे वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवू नका. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांस गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्या घरांतील आपण, ख्रिस्ताने उठवून उभे केलेले आपण, आपल्याच घरातील स्त्रीस मंडळीच्या बैठकीत कोठे बसवितो? देवाने आपले धन मातीच्या भांड्यांत ठेविले आहे. शॉबाईंचे भांडे मातीचे होते, आमचेही मातीचेच आहे.

आमच्या भांड्यास गेलेला तडाही येथे सांगणे भाग आहे. आमच्या देखरेखीखालील एका खेड्यातील उपदेशकाची बदली झाली, आणि दोन पावसाळे ती जागा रिकामी राहिली. त्या काळात एका विधवा बाईने मंडळी सांभाळली. प्रौढपणी अक्षरे शिकलेली ती बाई रविवारी बोट ठेवून एकेक ओळ वाची, प्रार्थना चालवी, आणि वर्गणी लुगड्याच्या पदरात बांधून पैन् पैचा हिशेब ठेवी. आम्ही भेटीस गेलो, तिची स्तुती केली, आणि मग पंच निवडले. पाचही पुरुष. मंदिराची किल्ली आम्ही एका तरुणाच्या हाती दिली; तो कामानिमित्त महिन्यातून दोनदाच गावी येई.

सहा महिन्यांनी पाहतो तो मंदिरास कुलूप, आणि त्या बाईच्या पडवीत बायकामुले प्रार्थनेस बसलेली. आम्ही विचारले, बाई, हे काय? ती उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, “पाळकसाहेब, किल्ली तुमची होती, ती तुम्ही दिली त्याला. वचन देवानं दिलंय मला. ते मी कुणाला देऊ?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही विद्यालयात ईश्वरविद्या शिकलो, शॉबाईंचे चरित्रही वाचले होते. पण दर्शनमंडपाच्या दाराशी एक स्त्री उभी राहिली, तेव्हा ती आम्हांस दिसली नाही. मोशेप्रमाणे ती गोष्ट आम्ही परमेश्वरापुढे नेलीच नव्हती. त्या रविवारी आम्ही मंडळीपुढे आपली चूक कबूल केली. किल्ली आता तिच्यापाशी आहे, आणि पंचांत तिचे नाव आहे.

म्हणून शेवटी तीन गोष्टी सांगतो. मंडळीच्या वडिलांनो व पंचांनो, कोणी सेवेची इच्छा घेऊन पुढे आले, तर रीत नाही म्हणून परत पाठवू नका. गुडघे टेका आणि देवास विचारा. उपदेशक बंधूंनो, तुमच्या वस्तीत कोणत्या भगिनीच्या जिभेवर वचन आहे ते शोधा, तिला वाचावयास शिकवा, आणि तुमच्या शेजारी तिला उभे राहू द्या. तिच्यामुळे तुमची सेवा उणी होणार नाही. आणि भगिनींनो, ऐकावयास कोणी नसेल तर रानातील झाडांपुढे बोला, दिव्यातील तेल हलू लागले तरी बोला. दार बंद असेल तर दाराशी उभ्या राहा, पण हातचे काम सोडू नका. मेंढपाळ मोठा आहे. आपल्या मेंढरांस कोण चारीत आहे, हे तो पाहतो.

हे प्रभू, तू ज्यांस बोलाविले आहेस त्यांस ओळखण्यास आमचे डोळे उघड. ज्यांस आम्ही दाराबाहेर ठेविले, त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस दे. तुझ्या मंडळीत तुझे वतन तुझ्या पुत्रांस व कन्यांस सारखे मिळो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.